डाळ आणि टाळ

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी माझा घसा पार बसला. दहा दिवस दोन्ही वेळच्या आरत्या, त्यात 'घालीन लोटांगण'ला सोसायटीत आपलाच आवाज वर लागला पाहिजे हा हट्ट. वाण्याकडे जाऊन म्हटलं, "अर्धा किलो डाळ." तो म्हणाला, "टाळ? ते पलीकडच्या गल्लीत, पूजेच्या दुकानात."

चूक त्याची नव्हती. ट म्हणा की ड, जीभ टाळूला एकाच ठिकाणी टेकते. फरक गळ्यातल्या गुणगुणीचा. कंठमण्यावर बोट ठेवून 'स्स्स' म्हणा, काही नाही. 'म्म्म' म्हणा, बोटाला मुंग्या. ही गुणगुण असली की अक्षर घोष, नसली की अघोष. शाळेत हे पाठ केलं ते मार्कांपुरतं. आता माझी सगळी घोष मंडळी संपावर गेली होती. गोडा मसाला मागायचं तर धाडसच झालं नाही. त्यानं 'कोटा' ऐकलं असतं.

स्वरतंतू हे नाव तसं फसवंच. तिथे वीणेसारखी तार वगैरे नसते. दोन मऊ, ओलसर घड्या, पुरुषांच्या जेमतेम दोन सेंटीमीटरच्या. त्या मिटतात, खालून श्वास ढकलतो, उघडतात, परत मिटतात. तान्हं बाळ ओठांनी बुर्र करतं (आणि आजी म्हणते, पाऊस येणार!) तसंच, फक्त फार वेगात. साधं बोलताना पुरुषांत सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बायकांत दोनशेच्या आसपास. दर उघडझापीला मेंदू हुकूम सोडत नाही. हवा आणि घड्यांचा लवचीकपणा आपसांत बघून घेतात. सव्वाशेचाच हिशेब धरला तरी अर्ध्या तासाच्या आरत्यांत सव्वादोन लाख टाळ्या! वरच्या पट्टीत आकडा आणखी चढतो. एवढं आपटल्यावर घड्या सुजणारच. मग त्या नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते आणि आपण फाटक्या भात्यासारखे बोलतो.

१८५४ साली मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गानशिक्षकानं दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. गवयाला हे सुचावं यात नवल नाही. मला जास्त नवल वाटतं ते तैत्तिरीय प्रातिशाख्य या वेदांच्या उच्चारांवरच्या प्राचीन ग्रंथाचं. गळा मिटलेला असला की नाद, उघडा असला की श्वास, हे त्यात कितीतरी आधी सांगून टाकलंय. तेही आरशाशिवाय.

डॉक्टरांनी बजावलं, "कुजबुजायचंसुद्धा नाही." हे वाक्य घरच्यांनी फारच मनावर घेतलं. कुजबुजताना तंतू थरथरत नाहीत, पण जोर लावून कुजबुजलं की गळ्याला ताण पडतोच. म्हणून पाच दिवस पाटीवर लिहून संसार केला. भांडण लिहून करता येत नाही. पहिली ओळ पुरी होईपर्यंत समोरचा माणूस स्वयंपाकघरात गेलेला असतो.

सहाव्या दिवशी वाण्याकडे गेलो. "अर्धा किलो डाळ!" ड असा काही घुमला की रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

वाण्यानं शांतपणे डाळ तोलली. "मग," तो म्हणाला, "टाळ मिळाले का?"