किती वेळा घालणार

बुटांच्या दुकानातल्या त्या पोराचा काही दोष नाही, हे आधी लिहून टाकते. विशी-बाविशीतला असेल. शनिवारची बर्डीच्या बाजारातली गर्दी, तरी त्यानं माळ्यावरून खोकी काढली, गुडघ्यावर बसून लेस बांधून दिल्या. "चालून पाहा ना काकू." मी आरशापर्यंत गेले, परत आले. तेव्हा म्हणाला, "छानच आहेत हे, पण घालणार किती वेळा तुम्ही?"

विकणाऱ्यानं विचारू नये असा प्रश्न. म्हणजे त्यात धंदा नव्हता, काळजी होती. तेच बोचलं.

"पाहते" म्हणून बाहेर पडले. मेट्रोत दांडा धरून उभी, तर डोक्यात तेच. खरंच, किती वेळा? केदारकंठा म्हणजे उत्तराखंडातला बर्फातला ट्रेक, चालण्याचे चार-पाच दिवस, त्यातही खरा बर्फ वरच्या टप्प्यात. नंतर हे बूट नागपुरात कुठे घालायचे? फुटाळा तलावावर कणीस खायला? नोव्हेंबर संपत आला तरी आमच्याकडे दुपारी पंखा लागतो. सात हजार भागिले एक ट्रेक. पोरानं हा भागाकार माझ्याआधी केला होता, एवढंच.

बुटांबद्दल मात्र आता मी त्यालाच चार गोष्टी शिकवीन. आधी त्यानं फर लावलेले जाडजूड काढले. "सगळ्यात गरम हेच आहेत." असतील, पण ते बर्फात उभं राहून फोटो काढणाऱ्यांचे. चढावर पाय घामेजतो, मोजा ओला होतो, आणि दम खायला थांबलं की तोच ओला मोजा पाय गारठवतो. ऊब अस्तरात अडकून राहिलेल्या हवेची असते, नुसत्या जाडीची नाही. अस्तर ग्रॅमवर मोजतात, एका चौरस मीटरला किती ते. चालणाऱ्याला 200 च्या आसपास पुरतं. 400 आणि त्यावरचं हे थंडीत एका जागी थांबून राहणाऱ्यांसाठी. मी थांबणार नाहीये. निदान तसा बेत आहे. गुडघ्यांचं म्हणणं वेगळं आहे, पण ते इथे नको.

माझी मैत्रीण शुभा फोनवर म्हणते, दोन मोजे घाल. पण बुटात जागा नसताना दोन चढवले तर हवा दाबली जाते, रक्तही नीट फिरत नाही, आणि बोटं आणखीच बधिर होतात. एकच घालायचा, लोकरीचा, जाड. सुती तर नकोच, तो ओलावा धरून बसतो. माप संध्याकाळी द्यायचं, दिवसभरात पाय सुजलेले असतात तेव्हा. पुढे बोटं मोकळी हलली पाहिजेत, नाहीतर उतारावर अंगठा आपटून आपटून नख काळं पडतं. सुकतळा बाहेर काढून त्यावर उभं राहून पाहायचं, म्हणजे पाय कुठे सांडतो ते कळतं. तो पातळ असेल तर बदलायचा, कारण बर्फावरची थंडी खालून, तळव्यातून शिरते.

एवढं सगळं मला पाठ आहे आणि बायकांच्या मापात बूटच नाही. "जेन्ट्सचा सात नंबर घ्या ना, सेमच असते." सेम नसतं बाळा. माझी टाच त्यात फिरते. चढताना आत वर-खाली, वर-खाली, आणि पहिल्याच मुक्कामाला फोड. चार दुकानं झाली. कुणाकडे गुलाबी स्पोर्ट्स शूज, कुणाकडे गमबूट. या शहरात बायका थंड प्रदेशात जातात त्या शाल पांघरून, गाडीत बसून, असं दुकानदारांनी ठरवूनच टाकलंय.

तिबेटी बाजारात त्यातल्या त्यात बरं वाटलं. दरवर्षीसारखे त्यांचे स्वेटर लागलेत. तिथल्या अम्मानं लोकरी मोजे काढून दिले, कुठे जाता विचारलं, आणि मी न मागता कानटोपी हातात ठेवली. डोकं गरम तर पाय गरम, म्हणाली. खरंच आहे. शरीर गारठायला लागलं की आधी हातापायांचाच रक्तपुरवठा आखडता घेतं. तिनं किती वेळा घालणार वगैरे काही विचारलं नाही. मोज्यांना कोण विचारतं म्हणा.

29 डिसेंबर 2018 ला इथे पारा 3.5 अंशांवर उतरला होता. केवढं कौतुक झालं होतं! गच्चीवर शेकोटी, सगळी आळी जमलेली, आई खुर्चीत रजई गुंडाळून. आणि तिथे शिखरासाठी निघायचं ते काळोखात, पहाटे तीन-साडेतीनला, शून्याखाली दहाचीसुद्धा तयारी ठेवून. शिखर 3,800 मीटरचं. आपलं नागपूर जेमतेम 310. ठरलं तेव्हा आम्ही चौघी होतो. ते जाऊ दे.

संध्याकाळभर स्वतःची कीव करण्यात गेली, हे प्रामाणिकपणे लिहिते. माझ्या पायांसाठी, फक्त पायांसाठी, एवढे पैसे कधी घातले होते? लग्नात पैंजण आले होते, पण ते दुसऱ्यांनी बघायला. आणि त्या पोराच्या प्रश्नात मी काय काय भरलं! या वयात, पुन्हा जाणार का, जमणार का, कोण सोबत येणार. तो बिचारा किमतीचंच बोलत असेल.

मग रात्री ओटा पुसताना गॅलरीकडे नजर गेली. कूलर. वर्षातले सात-आठ महिने प्लॅस्टिक पांघरून तिथे बसतो, जागा अडवतो, त्याच्यामागून झाडू फिरत नाही. त्याला घेताना कुणी विचारलं होतं, किती वेळा लावणार म्हणून? एकटीच हसले. कूलर गरजेचा असतो, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. उणे दहात बोटं शाबूत राहणं ही गरजच नाही का?

ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांक्री गावात सगळं भाड्यानं मिळतं, बूटसुद्धा. गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) आणि मायक्रोस्पाइक (बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली लावायचे काटे) मी तिथूनच घेणार, ते कुणाच्याही बुटावर चढतात. बूट नाही. आधी कितीजणांच्या पायांनी त्याला वळण लावलंय कोण जाणे, आणि ओलसर असला तर संपलंच. शेकोटीजवळ वाळवायचाही नाही, सोल सुटतो.

धरमपेठेतल्या एका दुकानात फोन करून ठेवलाय. माझ्या मापाचा एक जोड आहे म्हणे, पाणी न शिरणारा, 200 ग्रॅमचा. राखाडी आहे. मला मरून हवा होता, पण आता रंगाचे लाड नकोत. घेतला की रोज सकाळी सेमिनरी हिल्सला तोच घालून चालायचं, पायाला बसायला महिना आहे. सहाच्या आत. ऊन वर आलं की पाय शिजतील.

मघाशी शुभाचा पुन्हा फोन. आधी मोज्यांवरून वाद घातला. मग जरा थांबून, "त्या दुकानात पाच नंबर आहे का, विचारून ठेव." ती येत नाहीये, दिवाळीतच सांगून मोकळी झाली होती. मी काही बोलले नाही, कशाला उगाच. पण पाच नंबर! सात मिळता मिळत नाही, त्यात हिला पाच. उद्या मुलांचे बूट विकणाऱ्यांकडे विचारावं लागणार.