गिझर काढले, नियमातून सुटले

अंबाबाईच्या देवळापासून चालत पाच-सात मिनिटांवर एक जुनं लॉज आहे. तळमजला, वर एक मजला, दोन फुटी दगडी भिंती, चुन्यातलं काम. स्लॅब मागाहून टाकलेला. मालकांना आणखी एक मजला चढवायचा होता, तीसही खोल्यांना एसी-गिझर द्यायचे होते आणि कोपऱ्यावरच्या दोन्ही दर्शनी भिंती काचेनं मढवायच्या होत्या. ‘‘फ्रंट नाद खुळा दिसला पायजे,’’ एवढीच अट.

मे महिन्यात जागेवर बसूनच मी जोडभार, म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांची मिळून वीजक्षमता, मांडला. एसी 45 किलोवॅट, गिझर प्रत्येकी दोन किलोवॅटचा म्हणजे 60, लिफ्ट-पंप-दिवे-स्वयंपाकघर धरून आणखी 20. एकूण 125. व्यापारी इमारतींसाठीची 2017 ची ऊर्जा संवर्धन संहिता 100 किलोवॅटपासून पुढे विचारात घ्यावी लागत होती. जुनं आणि वाढीव मिळून तो आकडा ओलांडला, की वाढीव बांधकाम तरी तिच्यात बसवायचं, नाहीतर जुन्यासकट अख्खी इमारत.

‘‘जुन्या घराला कसला आलाय नियम? नवीन बांधणाऱ्यांना सांगा की सायेब.’’

मी तक्ता पुढं सरकवला. त्यांचं बोट नेमकं साठावर थांबलं.

‘‘हे गिझरचं? मग गिझरच काढा. सुटलो न्हवं?’’

मला हसूच आलं. पळवाट होती खरी, पण नियमाला जे हवं ते त्यातच होत होतं. काकड आरती गाठायची म्हणून भाविक पहाटे एकदमच आंघोळीला उठतात; तीस गिझर एकाच वेळी चालू होणार. त्यापेक्षा गच्चीवर सोलर आणि पावसाळ्यासाठी हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र. कोल्हापूरच्या पावसात नुसत्या सोलरवर विसंबून चालत नाही आणि हीट पंपाला गिझरच्या साधारण तिसरा हिस्सा वीज पुरते.

पण आकडा शंभराच्या खाली आल्यावर काचेबद्दल बोलायला माझ्या हातात नियम उरला नाही. संहितेत काच बाहेरच्या एकूण भिंतीच्या 40 टक्क्यांपर्यंतच धरत, तीही ऊन अडवणारी. 99 किलोवॅटवाल्यानं खुशाल भट्टी बांधावी, हे मला कधीच पटलेलं नाही.

मग चार वाजता त्यांना पश्चिमेच्या खोलीत नेलं. थर्मामीटरची बंदूक स्लॅबच्या तळाकडे धरली: 43 अंश. त्याच खोलीतली दगडी भिंत: 31. मालकांनी स्वतः तळवा टेकवून बघितला, मग दुसराही. ‘‘आयला, गार हाय की.’’

‘‘हिच्यात भगदाडं पाडून काच लावायची?’’

ते बोलले नाहीत. गवंड्याला हाक मारून गिलावा किती जाड आहे ते विचारायला लागले. शेवटी काच फक्त रिसेप्शनला ठेवली, दगड उघडा करून त्यांच्यामधल्या दरजा भरायच्या ठरल्या, आणि वरच्या गच्चीवर कोब्याखाली इन्सुलेशन, वर पांढरी चायना मोझॅक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा थर.

मजल्याचं मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल आल्यावरच. काचवाल्याला दिलेला ॲडव्हान्स परत मिळवायला मालकांना पुढं बऱ्याच चकरा माराव्या लागल्या.