तुम्ही विचारलंत म्हणून: मंडळीतला माणूस चुकला तर

मी ख्रिस्ती आहे आणि काही वर्षे आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, समितीवर होते, हे कळले की, ‘तुमच्यातला कोणी चुकला तर आपसात मिटवता की पोलिसांकडे जाता?’ असा प्रश्न हमखास येतो. आता आमची तरुण मुलेही तो विचारतात. ‘आम्ही क्षमा करतो’ एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

अशा वेळी आमच्याकडे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय काढला जातो. भावाने अपराध केला तर आधी त्याच्याशी एकांतात बोलावे, ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यावे, मग मंडळीला सांगावे, आणि मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला परका समजावे, असा क्रम येशूने तिथे घालून दिला आहे. भांडण बरोबरीच्या दोघांचे असेल तर याहून शहाणी रीत मला ठाऊक नाही, कारण चूक चव्हाट्यावर येण्याआधी ती सुधारायला वाव मिळतो.

पण याच वचनांनी दुबळ्याचे तोंडही बंद करता येते. बांधकाम निधीच्या हिशेबाबद्दल एका तरुण शिक्षिकेने सभेत विचारले, तेव्हा आम्ही समितीतल्यांनी तिला ‘आधी खजिनदारांना एकांतात भेट’ असे सांगितले. खजिनदार तिच्या वडिलांच्या वयाचे होते, आणि तिच्या भावाची नोकरी त्यांच्या शब्दावर टिकून होती. ती भेटायला गेली नाही; पुढे उपासनेलाही येईनाशी झाली. हिशेबातली तूट नंतर उघड झाली, खजिनदारांनी प्रकृतीचे कारण देऊन पद सोडले, आणि आम्ही त्यांचा सत्कार केला.

मंडळीच्या पुढाऱ्यांवरचा आरोप दोघातिघा साक्षीदारांशिवाय घेऊ नये, पण जे पाप करतात त्यांच्या पदरी सर्वांदेखत दोष घालावा, असे प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला बायबलमधल्या पत्रात लिहिले आहे. आम्ही पहिले वाक्य वाचले आणि दुसरे सोडले.

लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर विचाराला वेळ घेण्याचेच कारण नाही. 2012च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19प्रमाणे असा गुन्हा कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. त्यात पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरूही आले, समितीही आली. लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, हे कठोर शब्द त्याच 18व्या अध्यायात, त्या क्रमाच्या आधीच आहेत, याची आठवण मी आवर्जून करून देते.

क्षमा मी नाकारत नाही. करिंथच्या मंडळीला पौलाने दुसऱ्या पत्रात सांगितले, की ज्याला शिक्षा झाली त्याला आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. मात्र तिथे शिक्षा आधी झालेली आहे. शिवाय पश्चात्ताप केलेल्याला प्रभुभोजनाला बोलावणे वेगळे आणि तिजोरीच्या किल्ल्या पुन्हा त्याच्या हाती देणे वेगळे.

आता आमच्याकडे दान दोघे मिळून मोजतात आणि दोघांच्या सह्या होतात. त्या शिक्षिकेची क्षमा मात्र मंडळीने अजून मागितलेली नाही. ती याच गावात राहते. येत्या वार्षिक सभेत तो ठराव मी मांडणार आहे.