निळ्या कागदावरून छापील पानाकडे

इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेल्या सायनोटाइप पद्धतीत लोहक्षार लावलेल्या कागदावर वस्तू ठेवून उन्हात थेट छाप घेता येई. पुढच्याच वर्षी इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशैवालांच्या अशा छापांचे पुस्तक काढायला सुरुवात केली. गडद निळ्यावर केसासारखे बारीक पांढरे तंतू, आणि मजकूरही हस्ताक्षरातला, त्याच पद्धतीने उमटवलेला. बाउहाउस या जर्मनीतल्या कला व डिझाइन शाळेत १९२३ पासून शिकवणाऱ्या लास्लो मोहोली-नॉज यांनीही कॅमेऱ्याविना फोटोग्राम, म्हणजे प्रकाशसंवेदी कागदावर वस्तूंचे थेट घेतलेले छाप, केले, मात्र त्यांना वनस्पतींची नोंद नव्हे, निव्वळ प्रकाश आणि आकार हवे होते. अक्षरे व छायाचित्र मिळून एकच आशय सांगतील, ही त्यांची १९२५ मधली 'टायपोफोटो' कल्पना मला फोटोग्रामपेक्षाही दूरगामी वाटते, कारण तिच्यामुळे छायाचित्र हे मजकुराची निव्वळ शोभा न राहता पानाच्या मांडणीचाच भाग झाले.