पंचवटीत मुक्काम, गाडी रस्त्यावर: रात्री जागा मिळते, अडतं ते सकाळी

मार्ग ठाणे, कसारा, इगतपुरी, नाशिक. मुक्काम काळाराम मंदिराजवळच्या वाड्यात, वार मंगळवार, दिवस पावसाळ्याचे. वाड्याच्या बोळात दुचाकी जेमतेम वळते, त्यामुळे चारचाकी बाहेरच ठेवायची हे आधीपासून ठरलेलं.

पंचवटीत जाणाऱ्यांनी मुंबई नाक्याला खाली उतरून द्वारका चौकाच्या कोंडीत शिरू नये. उड्डाणपुलानं सरळ के. के. वाघ कॉलेजपर्यंत यावं आणि तिथून आत वळावं. आधी माणसं आणि सामान वाड्यापाशी उतरवून मग रिकामी गाडी घेऊन एकट्यानं जागा शोधावी. मागे मुलं कुरकुरत असली की माणूस दिसेल तिथं गाडी लावून मोकळा होतो.

रात्री नऊनंतर गोदाघाट मोकळा दिसतो आणि नवख्याला तिथंच गाडी लावायचा मोह होतो. दोन कारणांसाठी तो टाळावा. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो. विक्रेते येऊन पाल ठोकू लागले की गाडीच्या चारी बाजूंना भाजीचे ढीग लागतात आणि बाजार उठेपर्यंत गाडी हलत नाही. दुसरं कारण नदीचं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की रामकुंड परिसरात पाणी चढतं, आणि घाटावर विसरलेल्या गाड्या पाण्यात जातात. दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली मूर्ती, नाशिककर तिच्यावरून पुराची पातळी सांगतात) पायाशीच पाणी दिसत असलं तरी जून ते सप्टेंबर घाटावर रात्रभर गाडी ठेवूच नये. पाण्यात गेलेली गाडी चुकूनही स्टार्ट करू नका; इंजिनात पाणी खेचलं गेलं की खर्च कैकपटीनं वाढतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर त्यातलं काहीच परत मिळत नाही.

मग गाडी लावायची कुठं? हिरावाडीच्या बाजूला कॉलनीचे अंतर्गत रस्ते आहेत, तिथून वाड्यापर्यंत रिक्षा करावी. कोणाच्या गेटसमोर, वळणावर, ट्रान्सफॉर्मरखाली किंवा चेंबरच्या झाकणावर चाक येईल असं लावू नये. समोरासमोर दोन गाड्या लागल्या की मधून घंटागाडी जात नाही, आणि सकाळी भोंगा वाजवून सगळी गल्ली उठवली जाते. शाळेच्या व्हॅनचंही तेच. म्हणून समोर आधीच गाडी उभी असेल तर पंधरावीस पावलं पुढं सरकावं. उंबराखाली गाडी ठेवली तर सकाळी काचेवर फळांचा चिखल आणि वटवाघळांची घाण.

नदीकडच्या उतारावर हँडब्रेकवर विसंबू नये. तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर, चढाकडे असेल तर पहिला, आणि चाकाला उताराच्या बाजूनं दगड. डॅशबोर्डवर ठळक अक्षरात मोबाईल नंबर आणि ज्यांच्याकडे उतरलात त्यांचं आडनाव लिहून ठेवा. समोरच्या घरी एकदा सांगून यावं, 'काका, उद्या दुपारपर्यंत गाडी आहे, अडचण झाली तर फोन करा.' एवढ्यानं निम्म्या कटकटी मिटतात, कारण काचेवर टकटक करण्यापेक्षा लोक फोन करतात.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी: मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त बेवारस उभी असलेली गाडी पोलीस उचलायला लावू शकतात. निषिद्ध जागी तर तासांचा प्रश्नच नाही. सम-विषम तारखेचा बोर्ड असेल तर रात्री बारा वाजता बाजू बदलते हे लक्षात ठेवा. झोपण्यापूर्वी उद्याच्या तारखेची बाजू धरावी. महिन्याच्या ३१ ला मात्र सुटका, पुढची १ तारीखही विषमच. सकाळी गाडी जागेवर नसेल तर आधी रस्त्यावर खडूनं काही लिहिलंय का पाहा, मग जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा. चलान महाट्रॅफिक अ‍ॅपवर दिसतं.

सोसायटीत उतरणाऱ्यांची (गंगापूर रोड, इंदिरानगर) गोष्ट वेगळी. तिथं वॉचमन दुहेरी रांगेत गाडी लावून 'न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा' म्हणतो. सपाट जागी ठीक. ऑटोमॅटिक गाडी असेल तर आधीच सांगा, ती पी मध्ये ढकलता येत नाही.

काही दिवस ही सगळी गणितं चुकतात. रंगपंचमीला शनी चौक, तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा इथल्या पेशवेकालीन रहाडी (रंग खेळायचे जमिनीतले हौद) उघडतात. एरवी त्या रस्त्याखाली बुजवलेल्या असतात, म्हणजे जिथं गाडी उभी करायची तिथंच खोदकाम. कामदा एकादशीला राम आणि गरुड रथ निघतात, तेव्हा पंचवटीतून गाडी बाहेर काढणं अवघड. आणि २०२७ च्या सिंहस्थ पर्वकाळात पंचवटीत गाडी नेण्याचा विचारच करू नये. २०१५ मध्ये गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर ठेवून बसनं आत यावं लागलं होतं.