अनुस्वारात अडकलेली पुस्तके

बी. लिब. या ग्रंथालयशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयात मी तीन महिने काम केले. पुस्तके सुमारे २२,०००, आणि काम असे की जुनी दाखल नोंदवही व तालिकापत्रे (प्रत्येक पुस्तकाच्या माहितीची कार्डे) समोर ठेवून, आणि शक्य तेथे प्रत्यक्ष पुस्तक हातात घेऊन, प्रत्येकाची नोंद ‘कोहा’ या संगणकप्रणालीत करायची. न्यूझीलंडमधील एका छोट्या ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये ही प्रणाली लिहिली गेली आणि पुढे ती सर्वांना मोफत खुली केली गेली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. आमच्याकडे ही भेट बसवून देणारे कुणी होते, ती मराठीला जुळवून देणारे मात्र कुणी नव्हते, आणि तसे कुणी लागते हेही पहिले दोन आठवडे मला ठाऊक नव्हते. मला ते काम निव्वळ टंकलेखनाचे वाटत होते.

हा समज मोडला तो अभ्यासिकेतील एका मुलामुळे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वीस-पंचवीस मुले तेथे सकाळी सातपासून बसतात आणि ग्रंथालयाकडून त्यांची अपेक्षा बहुधा पंखा, वायफाय आणि चार्जिंगची जागा एवढीच असते; त्यामुळे त्यांच्यापैकी कुणी पुस्तक मागायला आले की मला विशेष उत्साह येई. त्याने महात्मा फुल्यांचे ‘शेतकऱ्यांचा आसूड’ मागितले. मी नव्या तालिकेत, म्हणजे संगणकातील पुस्तकांच्या यादीत, शोधले. एकही नोंद मिळाली नाही, आणि या ग्रंथालयात ते पुस्तक नाही असे मी त्याला सांगूनही टाकले. मागच्या रॅकपाशी असलेले काका, जे शिपाई म्हणून लागले आणि आता देवघेव सांभाळतात, काही न बोलता आत गेले आणि दोन प्रती घेऊन आले. “परवा तूच तर यांची नोंद केलीस,” एवढेच ते म्हणाले. ते खरे होते. नोंदींवर माझेच नाव होते.

त्या संध्याकाळी मी शोधलेले शीर्षक आणि नोंदीतले शीर्षक शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा एका शीर्षकात तीन फरक निघाले. पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर ‘शेतकऱ्याचा’ असा एकवचनी शब्द आहे, बोलताना मात्र आपण सर्रास ‘शेतकऱ्यांचा’ म्हणतो. पुस्तकावर ‘असूड’ आहे, तोंडात ‘आसूड’ बसला आहे. हे दोन फरक डोळ्यांना दिसणारे होते. तिसरा फरक पडद्यावर दिसतच नव्हता आणि तो समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. ‘ऱ्य’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिता येते: एक, मराठीच्या या अर्ध्या र-साठी असलेला स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन, दुसरे, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दोन्ही प्रकारे उमटणारे अक्षर हुबेहूब सारखे असते, पण संगणक अक्षराचा आकार पाहत नाही, त्यामागचे क्रमांक पाहतो आणि ते क्रमांक वेगळे असतात. ग्रंथालयातील संगणकावरचा कीबोर्ड एका प्रकारे लिहीत होता आणि माझ्या लॅपटॉपवरचा दुसऱ्या. म्हणजे शीर्षक अगदी अचूक लिहिणाऱ्या वाचकालाही ते पुस्तक मिळण्याची खात्री नव्हती.

एकदा ही खोट दिसली की ती जागोजागी दिसू लागते. ‘ॲ’ या अक्षराचीही तीच गत आहे: संगणकातील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात त्याला स्वतःचा क्रमांक २००८ मध्ये मिळाला, त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहिले जाई आणि आजही अनेक जण तसेच लिहितात. आरोग्याच्या कपाटातील ‘ॲनिमिया’वरच्या दोन पुस्तिका आमच्या तालिकेत म्हणूनच एकमेकींना अनोळखी होत्या.

जुन्या पुस्तकांची अडचण याहून खोल आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वी छापलेल्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ अशीच रूपे आहेत, आणि ‘कवि’ ऱ्हस्व आहे. तालिकीकरणाचा नियम असा की शीर्षक जसे छापले असेल तसेच उतरवून घ्यावे, त्यात आपले शुद्धलेखन घालू नये. नियम मला पटतो, कारण पुस्तकाचे नाव बदलण्याचा अधिकार तालिकाकाराला नाही. पण ज्या वाचकाचा जन्मच या नियमांनंतर चाळीस वर्षांनी झाला, तो ‘कांहीं’ असे कधीच लिहिणार नाही. आणि फोनला तोंडी सांगून शोध घेणाऱ्याला तर फोनच नवे रूप लिहून देतो. तालिकापत्रांच्या कपाटात हा प्रश्न एवढा बोचत नव्हता. खण ओढून बोटाने पत्रे उलटताना ‘काही’च्या आसपास ‘कांहीं’ डोळ्याला सापडत असे, कारण शोधणारा माणूस होता आणि माणसाला दोन्ही शब्द एकच आहेत हे कळत होते. शोधाच्या चौकटीला आसपास असा प्रकारच नाही.

यावर उपाय दोन पातळ्यांवर करावे लागले. पहिला यंत्राचा. कोहामध्ये शोधासाठी जी सूची तयार होते, ती मूळच्या मांडणीत रोमन लिपी गृहीत धरून होते. देवनागरीसाठी तिला ‘आयसीयू’ नावाच्या दुसऱ्या पद्धतीवर न्यावे लागते. (हे नाव ऐकून काकांनी विचारले, “इतकं गंभीर आहे का?”) या पद्धतीत आपले नियम घालता येतात, म्हणून अदृश्य जोडचिन्ह गाळणे, दोन्ही ‘ऱ्य’ एक मानणे, दोन्ही ‘ॲ’ एक मानणे एवढे आम्ही आमच्या शिक्षकांच्या मदतीने घातले आणि सगळ्या नोंदींची सूची पुन्हा बांधली. अनुस्वार मात्र असे सरसकट गाळता येत नाहीत. ते गाळले की ‘रंग’ शोधणाऱ्याला ‘रग’ मिळते आणि ‘अंग’ शोधणाऱ्याला ‘अग’. कोणता अनुस्वार उच्चारात आहे आणि कोणता नुसता कागदावर आहे, हे मराठी वाचणाऱ्यालाच कळते.

म्हणून दुसरा उपाय हाताचा. यंत्रवाचनीय नोंदीच्या मार्क या आराखड्यात २४५ क्रमांकाच्या क्षेत्रात पुस्तकाचे छापील शीर्षक जाते आणि २४६ मध्ये त्याची इतर रूपे देता येतात. वर्गात हे मी पाठ केले होते आणि परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती. पण २४६ हे क्षेत्र मराठी ग्रंथालयासाठी किती मोलाचे आहे हे ‘शेतकऱ्याचा असूड’च्या नोंदीत लोकांच्या तोंडचे नाव भरताना समजले. १९६२ पूर्वीच्या प्रत्येक पुस्तकासाठी नव्या लेखनातील शीर्षक लिहायचे असे मी ठरवले. रोज चाळीस नोंदी होत होत्या, त्या पंचवीसवर आल्या. ग्रंथालयाचे कार्यवाह यावर नाराज होते आणि त्यांच्या जागी मीही कदाचित झाले असते, कारण अहवालात नोंदींची संख्या दिसते, नोंद सापडते की नाही हे दिसत नाही.

मग एके दिवशी एक निवृत्त शिक्षिका आल्या. “अगं, ‘चाफा बोलेना’ ज्यांची ना, त्या बींचं पुस्तक दे,” त्या म्हणाल्या. मी लेखकाच्या रकान्यात ‘बी’ लिहिले आणि नावाच्या आद्याक्षरात ‘बी’ असलेले सगळे लेखक समोर आले, शेतीच्या पुस्तकांपासून बँकिंगपर्यंत. कवी बी म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते, आणि त्यांचा संग्रह ‘फुलांची ओंजळ’. आमच्या नोंदीत लेखक म्हणून ‘गुप्ते, ना. मु.’ होते. ‘बी’ नव्हते, आणि ‘चाफा’ तर कुठेच नव्हता. वाचकाला कविता आठवते आणि तालिकेत संग्रहाचे नाव असते. या दोहोंना जोडणारी अनुक्रमाची टीप द्यायला ५०५ क्रमांकाचे क्षेत्र आहे, पण संग्रहातील प्रत्येक कविता लिहीत बसणार कोण? मराठीत टोपणनावांची परंपरा एवढी मोठी आहे की नावांच्या अधिकृत यादीशिवाय येथे पाऊल टाकता येत नाही: राम गणेश गडकरी हेच कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदात बाळकराम, कृष्णाजी केशव दामले म्हणजे केशवसुत, वि. वा. शिरवाडकर म्हणजे कुसुमाग्रज. या जोड्या मी एका कागदावर लिहायला घेतल्या, तेव्हा काका शेजारी बसून नावे सांगत गेले आणि कागदाची दुसरी बाजूही भरली. शाळा त्यांनी दहावीला सोडली होती.

ड्युई वर्गीकरणाबद्दलही मला तेथेच शंका यायला लागल्या. त्यात मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आणि मराठी कथा-कादंबरीचा ८९१.४६३. जगाच्या सगळ्या ज्ञानाची वाटणी करणाऱ्या त्या योजनेत मराठी कादंबरीला मिळालेली ही एक खोली, आणि आमच्या ग्रंथालयात अर्ध्याहून अधिक पुस्तके त्याच एका खोलीत राहतात. ज्या क्रमांकाने पुस्तके वेगळी व्हायला हवीत तो क्रमांक हजारो पुस्तकांच्या पाठीवर एकच. काकांनी त्यावर पूर्वीच तोडगा काढला होता: कादंबऱ्या लेखकाच्या आडनावाने लावायच्या, आणि ऐतिहासिक व रहस्यकथा वेगळ्या रॅकमध्ये. ही मांडणी ड्युईच्या क्रमांकांत बसत नाही, पण संध्याकाळच्या गर्दीत वाचकाला पाच मिनिटांत पुस्तक मिळते. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या ग्रंथालयांसाठीच्या १९३१ च्या पंचसूत्रांतील चौथे सूत्र मी इथे पाळले जाताना पाहिले.

दुसऱ्या महिन्यापासून देवघेवीच्या टेबलावर आम्ही एक शंभरपानी वही ठेवली. वाचकाने काय मागितले, कोणत्या शब्दांत मागितले आणि तालिकेत ते का सापडले नाही, एवढेच त्यात लिहायचे. संगणकाच्या खोलीत कागदी वही पाहून एका पाहुण्याने टोमणा मारला, पण कोणत्या नोंदी आधी दुरुस्त करायच्या हे मला त्या वहीनेच सांगितले. मी निघाले तेव्हा तिची साठ पाने भरली होती.

शेवटच्या आठवड्यात तो अभ्यासिकेतील मुलगा पुन्हा आला. या वेळी त्याने बाकावरून न उठता फोनलाच ‘शेतकऱ्यांचा आसूड’ असे सांगितले होते, त्याला नोंद मिळाली होती आणि दाखल क्रमांक त्याने तळहातावर लिहून आणला होता. मला झालेला आनंद लपवणे कठीण होते. काकांनी क्रमांक पाहिला, आत गेले आणि दुसरीच प्रत घेऊन आले. हवी ती प्रत जागेवर असताना दुसरी का, असे मी विचारले. “तिची शेवटची आठ पानं नाहीत,” ते म्हणाले, “मागच्या पावसाळ्यात गेली.” नोंदीत तसे काहीच नव्हते. तो मुलगा सही करून गेला आणि मी त्या प्रतीची नोंद उघडून शेऱ्याच्या जागेत ते लिहिले.