कॅरॅव्हॅनने नलारबोर: कंटाळ्याचं सगळे सांगतात, वाऱ्याचं कोणी सांगत नाही

निघायच्या आधी सात-आठ जणांना विचारलं होतं आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगतचं नलारबोर म्हणजे नुसता सरळ सपाट रस्ता, झोप येते, गाणी भरून घ्या, बाकी काही नाही. वाऱ्याबद्दल एकानेही तोंड उघडलं नाही. म्हणून हे लिहायला बसलेय. आज एस्पेरन्समधला तिसरा दिवस, मान आणि खांदे अजून धरलेत, पण डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते.

आम्ही दोघं, मी ६४, हे ६८, दोघंही रिटायर्ड, मेलबर्नला येऊन तीस वर्षं होत आली. १८ फुटी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आणि ओढायला डिझेल प्राडो गाडी. मेलबर्न, अॅडलेड, पोर्ट ऑगस्टा, सेडूना, तिथून आयर हायवेने नॉर्समन आणि मग खाली एस्पेरन्स असा मार्ग. सेडूनापर्यंत सगळं मस्त झालं, ग्रेट ओशन रोड काय, स्ट्रीकी बे काय, त्यावर लिहिणारे ढिगाने आहेत. मी फक्त सेडूना ते नॉर्समन या १२०० किमीबद्दल लिहिणार आणि त्यातही खरं तर एकाच पट्ट्याबद्दल, नलारबोर रोडहाऊस (रोडहाऊस म्हणजे हायवेवरचा पंप, खाणं आणि मुक्काम एकाच जागी) ते बॉर्डर व्हिलेज, साधारण १८५ किमी. तुम्ही आधी कॅरॅव्हॅन ओढलेली आहे, व्हॅनचे ब्रेक गाडीतून लावायचा इलेक्ट्रिक ब्रेक कंट्रोलर बसवलाय, ट्रकवाल्यांशी बोलायला यूएचएफ रेडिओ आहे, हे सगळं धरून चाललेय. नसेल तर या रस्त्याला येऊच नका, स्पष्ट सांगते.

नलारबोर हे नाव लॅटिनवरून, झाड नाही असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात हायवेवर बहुतेक वाटभर दोन्ही बाजूंना झाडी आहे, मॅली म्हणतात त्या बुटक्या निलगिरीची. खरंखुरं बोडकं माळरान रोडहाऊसच्या आसपास थोडाच वेळ लागतं. आम्हाला वाटलं, अरे, हे तर सोपं आहे की. पण झाडी आहे तोवरच वारा अडतो हे तेव्हा लक्षात आलं नाही. झाडी संपते, रस्ता समुद्राच्या जवळ येतो, आणि दक्षिणेकडे अंटार्क्टिकापर्यंत वाऱ्याला अडवायला काहीही नाही.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. आदल्या दिवशी हेड ऑफ बाइटला व्हेल बघितले, सदर्न राइट, आई आणि पिल्लू अगदी खाली, नक्की थांबा तिथे. रात्री व्हॅन हलत होती तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, अहो, उद्या थांबूया का. पण पुढचं बुकिंग केलेलं, पैसे भरलेले, आणि सगळे म्हणाले होते ना की काही नाही म्हणून. सकाळी आठला निघालो. वारा नैऋत्येचा, म्हणजे समोरून आणि डावीकडून. गाडी ८० च्या वर जाईना आणि स्टिअरिंग सतत डावीकडे धरून ठेवावं लागत होतं. हे एका तासात घामाघूम, बाहेर १२ डिग्री असताना.

साधारण सत्तर किमीवर समोरून रोड ट्रेन आली. मागे ट्रेलर जोडलेला ट्रक, एकूण लांबी ३६ मीटरच्या आसपास, आणि तो काही वेग कमी करत नाही. शेजारून गेला तसा आधी व्हॅनला ढकललं, मग त्याच्या मागच्या पोकळीने ओढलं, त्यात डावीकडून वारा आदळतच होता. व्हॅन झुलायला लागली. आरशात मला तिची डावी बाजू दिसायची, मग नाहीशी व्हायची, मग पुन्हा दिसायची, आणि प्रत्येक वेळी जास्त. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. मी एकच ओरडत होते, ब्रेक मारू नका, ब्रेक मारू नका. ह्यांनी अॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि डाव्या हाताने कंट्रोलरचं बटण दाबलं, त्याने फक्त व्हॅनचे ब्रेक लागतात, गाडीचे नाही. चार-पाच सेकंदांत व्हॅन रेषेत आली. हे बटण कुठे आहे ते न बघता हाताला सापडलं पाहिजे. घरून निघायच्या आधी मोकळ्या रस्त्यावर दहा वेळा दाबून बघा, आणि शेजारी बसणाऱ्याला पण शिकवा.

पुढच्या लुकआउटला गाडी वळवली. व्हॅनचं दार उघडलं तर तिखटाचा डबा उघडून सगळ्या जमिनीवर लाल, फ्रीजचं दार उघडं, दह्याचा डबा खाली, आणि त्या तिखट-दह्यात माझी चष्म्याची केस. बंडा क्लिफ्स म्हणजे ६० ते १२० मीटर उंच कडे, लोक खास ते बघायला येतात. मी त्या दिवशी कड्याकडे बघितलंसुद्धा नाही, खाली बसून फडक्याने पुसत होते आणि हात थरथरत होते. (कड्याच्या काठाशी जाऊ नका, खालून पोकळ आहे, आणि वाऱ्यात तर अजिबात नाही.)

उरलेलं अंतर ६५-७० ने कापलं. १८५ किमीला थांबे धरून सव्वाचार तास लागले.

आता कारण, कारण सगळा दोष वाऱ्याचा नव्हता. संध्याकाळी यूक्लाच्या कॅरॅव्हॅन पार्कमधे शेजारी एक ऑस्ट्रेलियन आजोबा होते, त्यांनी आमची व्हॅन नुसती बघून विचारलं, मागे काय काय भरलंय. त्यांच्याकडे बॉल वेट मोजायचा काटा होता. बॉल वेट म्हणजे व्हॅनचा गाडीच्या हुकवर पडणारा भार, तो व्हॅनच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. आमची भरलेली व्हॅन दोन टन, म्हणजे २०० किलो हवा, निघाला १२०. झालं असं की व्हॅन घेतली तिथल्या माणसाने डिलिव्हरीला रिकाम्या व्हॅनचं वजन दाखवून सांगितलं होतं सगळं बरोबर आहे, आणि त्यानेच सांगितलं की नलारबोरला पाणी मिळत नाही, दोन्ही टाक्या फुल्ल भरून न्या. पाण्याचं खरं आहे, पण एक टाकी चाकांच्या मागे आहे हे त्याने सांगितलं नाही. त्यात ८० लिटर, म्हणजे ८० किलो, शिवाय मागच्या रॅकवर डिझेलचे दोन वीस-वीस लिटरचे कॅन. मागे वजन वाढलं की पुढचा भार उचलला जातो आणि व्हॅनला झुलायला मोकळीक मिळते. आम्ही रात्री टॉर्च लावून मागची टाकी रिकामी केली, पाणी बाटल्यांमधे भरून गाडीत ठेवलं, कॅन पुढे घेतले. परत मोजलं, १८५. दुसऱ्या दिवशी वारा जवळजवळ तेवढाच होता आणि व्हॅन वेगळीच वाटत होती. भरलेल्या व्हॅनचं वजन करा, रिकाम्या नाही. घराजवळच्या वेब्रिजवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, अर्धा तास जातो, त्या माणसाच्या शब्दावर आम्ही विसंबलो याचा मला अजून संताप येतो.

डिझेल. नेहमी आमचं १०० किमीला १५ लिटर लागतं, त्या दिवशी २३ लागलं. म्हणजे हिशोब करून आलेल्या माणसाचा हिशोब चुकणारच. सेडूनाला १.८९ डॉलरने भरलं होतं, पुढे एका ठिकाणी २.६४ ने ८२ लिटर, बिल २१६ डॉलर ४८ सेंट, पावती जपून ठेवलीय. इतक्या लांब टँकर आणायचा तर भाव जास्त असणार हे मला मान्य आहे. मान्य नाही ते वेगळंच, त्याच ठिकाणी पॉवर्ड साइटचे (वीज जोडणी असलेल्या व्हॅनच्या जागेचे) ४५ डॉलर घेतले आणि चहाची केटली लावली की ब्रेकर पडायचा. तीनदा पडला. काउंटरवर सांगितलं तर म्हणे जनरेटरवर आहे, केटली लावू नका. मग ४५ कशाचे? पाण्याचा नळ नाही, अंघोळीचे पैसे वेगळे. रेस्ट एरियात फुकट राहता येतं, बऱ्याच जागा हायवेपासून आत आहेत, तिथे रहा. आम्ही नंतर तेच केलं आणि तीच झोप चांगली लागली. दोन रोडहाऊसमधलं सगळ्यात मोठं अंतर १९० च्या आसपास आहे, त्यामुळे डिझेल संपत नाही, पण प्रत्येक ठिकाणी टाकी फुल्ल करायची गरज पण नाही. पुढचं गाठता येईल त्याच्या दीडपट ठेवा, रेंज आली की पुढचे भाव फोनवर बघा आणि स्वस्त जागी भरा. रोडहाऊस सोडलं की फोनला रेंज जाते.

भाज्या-फळं-रोपांचा तपासणी नाका. इथे आपली माणसं हमखास फसतात. आम्हाला सांगितलं होतं की नाका सेडूनाला आहे. आहे, पण तो पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी. पश्चिमेला जाताना सेडूनाला कोणी विचारत नाही, म्हणून मी तिथे आठ दिवसांची भाजी भरली, आणि ४८० किमी पुढे बॉर्डर व्हिलेजला वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा नाका, चोवीस तास उघडा, व्हॅनमधे चढून फ्रीज, कपाटं सगळं बघतात. बटाटे, कांदे, आलं, लिंबं, मिरच्या, कोथिंबीर, मध, सगळं गेलं. माझं कढीपत्त्याचं कुंडीतलं रोप पण गेलं, चार वर्षांचं, खिडकीत ठेवून घेऊन चालले होते. ती बाई बोलायला चांगली होती आणि तिच्या जागी ती बरोबरच, त्यांच्या शेतीला कीड नको. पण सकाळी तसला प्रसंग झालेला, आणि मी तिच्यासमोर त्या रोपासाठी रडले. लपवायचा विचार करू नका, दंड आहे. सेडूनालाच सगळं शिजवून डबे करून घ्या, शिजवलेल्या भाजीला अडवत नाहीत. आमच्या बेसनाला, मेतकुटाला, पापडाला कोणी हात लावला नाही, पुढचे चार दिवस पिठलं-भातावर काढले, कांद्याशिवाय, लसणीची कोरडी चटणी लावून. नाक्यापासून नॉर्समन सातशे किमीवर आहे आणि धड भाजी तिथपर्यंत मिळत नाही.

घड्याळाचं पण लक्षात ठेवा. यूक्लाच्या आसपासच्या पट्ट्यात स्वतःचीच वेळ पाळतात, पर्थच्या पाऊण तास पुढे आणि त्या महिन्यात अॅडलेडच्या पाऊण तास मागे. फोन काहीतरी तिसरंच दाखवतो. आम्ही एकदा सकाळी उघडायच्या आधी पोचून गारठत उभे होतो. पाटी बघून वेळ विचारून घ्या.

यूक्लाला वाळूत गाडलं गेलेलं १८७७ चं तार ऑफिस आहे, सशांनी टेकड्यांवरचं गवत खाल्लं आणि वाळू सुटली म्हणतात. बघा, पण व्हॅन वरच ठेवून खाली जा.

९० माइल स्ट्रेटची लोकांनी फार भीती घातली होती, बॅलडोनिया आणि कायगूनाच्या मधे १४६.६ किमी एकही वळण नाही. मी चालवला तो. दोन्हीकडे झाडी, वारा पडलेला, व्हॅन मागे आहे हे कळत पण नव्हतं. मला तर इतका आनंद झाला की ह्यांना म्हटलं, उठवू नका मला स्टिअरिंगवरून. सोपा आहे, उगाच बाऊ करू नका. मागून रोड ट्रेन आली तर यूएचएफवर चॅनल ४० ला सांगा की व्हॅन आहे, तुम्ही बाजूने निघाला की मी वेग सोडते, आणि खरंच सोडा. ड्रायव्हर छान बोलतात, एकाने जाताना पुढे रस्त्यात उंट आहेत म्हणून सांगितलं आणि होते खरंच. सूर्य मावळायच्या तासभर आधी थांबायचंच, कांगारू तेव्हाच येतात, शिवाय पश्चिमेला तोंड असल्यामुळे दुपारनंतर ऊन सरळ डोळ्यांत.

बाकी मडूराचा चढ म्हणजे काही नाही, कसारा घाट चढलेल्या माणसाने विचार पण करू नये. एस्पेरन्स सुंदर आहे, लकी बेला वाळूवर कांगारू बसलेले असतात.

तारखा बांधून जाऊ नका. बुकिंग केलंत की वारा असला तरी निघता, आमचं तेच झालं. हवामान खात्याचा अंदाज आदल्या रात्री बघायचा, नैऋत्य किंवा पश्चिम आणि ताशी ३० किमीच्या वर दाखवत असेल तर जिथे आहात तिथेच आणखी एक रात्र. परतीला वारा बहुतेक पाठीवर असेल असं सगळे म्हणतायत, पण मी आता सगळ्यांचं ऐकत नाही, रोज सकाळी स्वतः बघतेय. मंगळवारी ईशान्येचा दाखवतोय, म्हणजे पूर्वेला जाताना तोंडावर, त्यामुळे निघणार ते गुरुवारी. मागची टाकी रिकामीच राहील.